हाऊलर माकडांच्या आरोग्याची नोंद कशी घ्यावी

पनामातील बारो कोलोराडो बेटावर अमेरिकन प्राणिवर्तन-अभ्यासक क्लॅरेन्स रे कार्पेंटर यांनी १९३१ मध्ये हाऊलर माकडांचा, म्हणजे मध्य व दक्षिण अमेरिकेतील मोठ्याने गर्जना करणाऱ्या माकडांचा, अभ्यास सुरू केला. या माकडांना न पकडताही त्यांच्या आरोग्याविषयी पुष्कळ काही कळू शकते आणि माझ्या मते सुरुवात याच मार्गाने करावी.

पहाटे गर्जना ऐकू आली की त्या दिशेने जाऊन कळप झोपलेल्या झाडापासून थोडे बाजूला थांबावे, कारण जागी झाल्यावर माकडे बहुधा एकापाठोपाठ विष्ठा टाकतात. ती कोणत्या माकडाची हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज नमुना उचलू नये. हातमोजे व मुखपट्टी घालून मातीला न लागलेला भाग घ्यावा. शेणकिडे लगेच येतात, म्हणून रेंगाळू नये. नमुना टिकवण्यासाठी, परजीवींची अंडी तपासायची असल्यास १० टक्के फॉर्मॅलिन, तर डीएनए तपासायचा असल्यास एथॅनॉल वापरावे. कुपीवर तारीख, वेळ, लिंग आणि अंदाजे वय लिहावे.

दुर्बिणीतून गळा निरखावा. तेथे बोटमाशीच्या (बॉटफ्लाय, जिची अळी प्राण्याच्या कातडीखाली वाढते) अळीमुळे गाठ आलेली असू शकते आणि तिच्या मध्यभागी अळीला श्वास घेण्यासाठी बारीक छिद्र असते. अशा गाठी मोजून ठेवाव्यात.

मेलेले माकड आढळल्यास हात न लावता आरोग्य यंत्रणेला कळवावे. हाऊलर पिवळ्या तापाला फार लवकर बळी पडतात. माणसाला मात्र तो डासांच्या चाव्यातून होतो, माकडांपासून थेट नाही. ब्राझीलमध्ये माकडेच हा ताप पसरवतात या गैरसमजातून ती मारली गेली, हे अतिशय क्लेशदायक आहे. भारतातून अशा जंगलात जाणाऱ्याने या तापाची लस किमान १० दिवस आधी घ्यावी.