चेंबर कापायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं

जुन्या जीपमधे दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकायचं म्हणलं की सगळे गिअरबॉक्सच्या प्लेटवर अन् माउंटिंगवर बोलतात, चेंबरचं, म्हणजे इंजिनच्या खालच्या तेलाच्या टाकीचं, नाव निघतं ते इंजिन खाली सोडताना त्याचं पोट ॲक्सलवर टेकल्यावर. म्हणून ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी इंजिन फायनल माउंटिंगवर बसवून घ्या, गिअरबॉक्स जोडून, रेडिएटर-फॅन जागेवर ठेवून, कारण नंतर इंजिन अर्धा इंच जरी सरकलं तरी घेतलेली सगळी मापं वाया. आरटीओचं पण आधीच बघा, इंजिन बदलायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली परवानगी लागते, पासिंगला गाडी अडकली तर चेंबर कितीबी भारी केलेलं असू द्या.

मग पाटे सोडून ॲक्सल जॅकने वर उचला, बंप स्टॉपला, म्हणजे ॲक्सल अडवणाऱ्या रबराला, टेकेपर्यंत, कारण खड्ड्यात ॲक्सल तिथवर येणारच आहे. घरातून कणकेचे गोळे आणा, चेंबरला चिकटवा, दाबल्यावर किती जाडी उरली ते मोजा. इंजिन रबरावर हलतं, म्हणून सगळ्यात अडचणीच्या जागी पण २० ते २५ मिमी मोकळं पाहिजे.

जेवढी तेलाची जागा कापाल तेवढी दुसरीकडं भरून काढायची. १० सेमी लांब, १० रुंद, १० खोल म्हणजे १ लिटर, एवढा हिशोब पुरतो, बाजूला किंवा मागं खिसा काढायचा. खिसा न काढता नुस्ती तेलाची लेव्हल वर चढवली तर क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरणारा दांडा, तेलात फिरतो, फेस होतो अन् ऑइल पंप फेसच ओढतो. अन् तेल कमीच ठेवलं तर मे महिन्यात आपल्याकडं काय होतं ते सांगायला नको.

आता खरी गोष्ट, जाळी. पंपाची जाळी, म्हणजे तेल ओढायच्या पाइपच्या तोंडाची चाळणी, चेंबरच्या तळापासून साधारण ६ ते १० मिमी वर पाहिजे, जास्त टेकली तर तेल येत नाही, जास्त वर राहिली तर चढावर हवा ओढते. कन्नडहून चाळीसगावकडं औट्रम घाट उतरताना तेल पुढं पळतं, येताना चढावर मागं, म्हणून जाळीभोवती बॅफलच्या, म्हणजे तेल अडवणाऱ्या, पट्ट्या लागतातच. जाळीचा पाइप कापून लांबवला असेल तर आतून भोक बारीक होऊ देऊ नका, मधे ब्रॅकेट द्या नाहीतर व्हायब्रेशनने तडा जातो, अन् पंपाकडची ओ-रिंग नवीनच टाका. तिथून हवा गेली तर बाकी सगळं बरोबर असून प्रेशर येत नाही, मग मेकॅनिक पंपालाच शिव्या देत बसतो.

पत्रा १६ गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) बास, खाली मुरमाच्या रस्त्यासाठी वेगळी जाड प्लेट. अल्युमिनियमचं चेंबर असेल तर आर्गन वेल्डिंगवाला लागतो, गल्लीत नसला तर वाळूजला किंवा चिकलठाण्याला एमआयडीसीत शोधा. वेल्डिंगच्या आधी लोखंडी चेंबर कॉस्टिक अन् गरम पाण्याने धुवा, अल्युमिनियमचं साबण अन् गरम पाण्याने, कारण कॉस्टिक अल्युमिनियम खातं, पेट्रोलने अजिबात नाही, वाफेने भडका होतो. वेल्डिंग करताना चेंबर जुन्या ब्लॉकला नाहीतर जाड प्लेटला बोल्टने आवळून, थोडं थोडं टॅक करत जा, नाहीतर फ्लँज, म्हणजे बोल्टची कड, वाकतो अन् पॅकिंग कधीच बसत नाही. ड्रेन नट तळाला पण मागच्या बाजूला, दगड लागणार नाही असा.

झालं की बाहेरून शिवणीवर खडू फासा, आत डिझेल भरून रात्रभर ठेवा, सकाळी खडू ओला दिसला तिथं परत वेल्डिंग. आतून रंग मारू नका, पापुद्रे सुटून जाळीत जातात. वेल्डिंगच्या स्लॅगचे खडे काढायला चिमटा, ब्रश अन् वेळ तिन्ही ठेवा.

तेल मोजायच्या पट्टीवरची जुनी खूण विसरा. गाडी सपाट जागेवर ठेवून हिशोबाचं तेल मोजून ओता, फिल्टर भरून लेव्हल स्थिर झाली की नवीन खूण कोरा. प्रेशरचं मेकॅनिकल मीटर आधीच जोडून ठेवा, डिझेल बंद करून स्टार्टरने थांबत थांबत फिरवा, काटा हलला की मगच चालू करा. पहिलं तेल लवकर काढा अन् फिल्टर कापून बघा, आत धातूची चमचम दिसली तर चेंबर परत खाली घ्यायचं.