मातीनं भरलेली जखम काळी पडायला लागली तर

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगची सिस्टर आहे, लातूर-बीडच्या पट्ट्यात. मळणी यंत्र, रोटाव्हेटर, उलटलेला ट्रॅक्टर यांत फाटलेले हातपाय आमच्या टेबलावर येतात ते काळी माती आणि काडीकचऱ्यासकट. बहुतेक बरे होतात. एखाद्या जखमेत मात्र मातीतली म्युकर नावाची बुरशी आत जाते आणि मग खेळ दिवसांचा नाही, तासांचा असतो.

जखम झाल्या झाल्या वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरा, पाच-दहा मिनिटं तरी. रक्त उसळत असेल तर धुणं राहू द्या, स्वच्छ कापडानं घट्ट दाबून निघा. खोल रुतलेली काडी वा पत्रा उपसू नका. हळद, चुना, कॉफी, शेण काहीही भरू नका. आम्हाला ते पुन्हा खरवडून काढावं लागतं आणि रुग्ण शिव्या आम्हालाच देतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्याच. डॉक्टर म्हणाले, ‘आत्ता टाके नकोत,’ तर हट्ट करू नका. माती अडकलेली जखम शिवणं म्हणजे घाण कोंडणं.

पुढचे दोन आठवडे रोज उजेडात जखम बघा. कड जांभळट होऊन काळी पडतेय, दुखणं जखमेच्या मानानं फार आहे, अँटिबायोटिक चालू असूनही ताप उतरत नाही, कधी कापसासारखं पांढरं दिसतंय, तर बॉलपेननं काळ्या कडेभोवती रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. काळेपणा किती सरकला ते त्यावरून कळतं, पण तो रेघ ओलांडायची वाट बघत बसू नका; त्याच दिवशी ऑपरेशनची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा. आमच्याकडं अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज नाहीतर संभाजीनगरची घाटी.

कोरोनात नाकाडोळ्यांत शिरलेली ‘काळी बुरशी’ आठवते ना, तिचंच हे गोत: म्युकर. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते, म्हणून मांस मरतं. धडधाकट माणसालाही होते. अमेरिकेत जॉप्लिनला 2011 च्या टोर्नॅडोनंतर 13 जखमींना झाली, त्यातले 5 दगावले.

नव्या सिस्टरांनो, नुसत्या स्वॅबवर विसंबू नका. डॉक्टर कडेचा तुकडा काढतील तेव्हा दोन बाटल्या तयार ठेवा: कल्चरचा (बुरशी उगवून बघायचा) तुकडा सलाईनमध्ये, पॅथॉलॉजीचा फॉर्मॅलिनमध्ये. दोन्ही फॉर्मॅलिनमध्ये गेले की कल्चरमध्ये काही उगवत नाही. केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघायची) त्याच दिवशी मागा. बुरशीचे रुंद, फितीसारखे धागे दिसले की सर्जनला फोन.

नातेवाईक विचारतात, ‘सिस्टर, औषधानं नाही का भागणार?’ नाही. मेलेल्या मांसात रक्तच जात नाही, तर औषध कुठून पोचणार? ते कापावंच लागतं, बऱ्याचदा पुन्हापुन्हा. जोडीला ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध शिरेतून. त्यानं किडनीवर ताण येतो, पोटॅशियम उतरतं, म्हणून रक्ततपासणी वरचेवर होते. साखर असेल तर ती ताब्यात हवीच. भेटायला येणाऱ्यांनी पेढे आणू नयेत.