बँकॉकचा मासा सांगलीत आणायचाय? आधी कागद, मग पिशवी

गेल्या डिसेंबरात दुपारी अडीचला भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. मागं बँकॉकचा चतुचक बाजार, हातात पाच-सहा छोट्या पिशव्या, आणि प्रत्येकीत एकेक बेट्टा मासा शेपटी पसरून उभा. "मावशी, मोज्यांत गुंडाळून बॅगेत टाकतो. बेट्टा वरची हवा घेऊन जगतो, तूच म्हणालीस ना?"

म्हणाले होते खरं. कल्ल्यांच्या वर त्याला घड्या-घड्यांचा एक अवयव असतो, त्यातून तो पाण्याबाहेरची हवा घेतो. कपभर पाण्यातसुद्धा तग धरतो. थायलंडनं तर त्याला २०१९ साली राष्ट्रीय जलचर ठरवलं. पण मासा जगेल का, हा प्रश्न नंतरचा. आधी मुंबईच्या विमानतळावर ती बॅग उघडली तर काय, ते बघायचं.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. लोकांच्या घरचे, दवाखान्यांतले फिश टँक सांभाळायचं काम गेली सोळा वर्षं करते. परदेशी गेलेल्या पोरांचे असे फोन मला दर सुट्टीत येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

प्रवासी सामानातून जिवंत मासा भारतात आणता येत नाही. सामानाबरोबर पाळीव प्राणी आणायची जी सवलत आहे ती कुत्र्या-मांजरांची, तीही जास्तीत जास्त दोन, आणि मुक्काम हलवून कायमचं परत येणाऱ्यांना. दोन आठवडे फिरून येणाऱ्याला तीही नाही. माशासाठी आधी केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं सॅनिटरी इम्पोर्ट परमिट, म्हणजे रोग येऊ नये म्हणूनचा आयात परवाना, लागतो. मासा तिकडून निघायच्या आधी तो हातात पाहिजे. इथं उतरून अर्ज करतो म्हटलं तर उपयोग नाही. शिवाय तिथल्या सरकारी यंत्रणेचा आरोग्य दाखला लागतो आणि मुंबई, चेन्नईसारख्या ठरलेल्या ठिकाणीच विलगीकरण अधिकाऱ्यांकडून तपासणी होते. हे चालतं १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली. कायदा म्हातारा आहे, पण कारण ताजं आहे. कोई माशांचा हर्पीस विषाणू एकदा तळ्यात शिरला की कळपच्या कळप जातो, आणि तो विषाणू ज्याला लागतो तो कॉमन कार्प, आपला सायप्रिनस, शेततळ्यांत सोडतात.

मोज्यांत लपवून आणलं आणि सापडलं तर मासे जप्त, वर चौकशी. बँकॉकच्या विमानांतून कासवं, साप, माकडं निघाल्याच्या बातम्या इतक्या झाल्यात की तिकडून येणाऱ्या बॅगांवर कस्टमवाल्यांचं लक्ष असतंच. आशियाई अरोवाना किंवा समुद्रघोडा असेल तर गोष्ट आणखी वेगळी. अरोवाना साइटिसच्या, म्हणजे दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, समुद्रघोड्याला आपल्याकडं वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यात 'चुकून आणलं' ही सबब चालत नाही.

मग करायचं काय? आवडलेल्या माशाचा फोटो काढायचा, शास्त्रीय नाव लिहून घ्यायचं आणि परवाना असलेल्या आयातदाराला विचारायचं. त्याची खेप येतच असते, तुमचे चार मासे तो त्यात घालू शकतो. हे मासे प्रवाशाच्या बॅगेतून येत नाहीत, कार्गोनं येतात, आणि विमान कंपन्या त्यासाठी आयाटा या त्यांच्या जागतिक संघटनेचे जिवंत प्राण्यांचे नियम पाळतात. आणायला परवानगी असलेल्या शोभिवंत माशांची यादी असते, त्यात आपल्या माशाचं नाव आहे का ते आधी बघा. आणि खरं सांगू? बेट्टा, गप्पी, एंजल यांच्यासाठी एवढा खटाटोपच नको. चेन्नईतल्या कोळत्तूरला घराघरांत त्यांची पैदास होते. तिकडचेच मासे आपल्याकडच्या दुकानांत येतात.

आता माझा खरा विषय. आयातदाराकडून घ्या नाहीतर कुर्ल्याच्या बाजारातून, शेवटचा टप्पा मुंबई ते सांगली आपल्याच हातात असतो, आणि मी बघितलेले बहुतेक मासे या टप्प्यात किंवा घरी पोचल्यावर मेलेत.

माझ्या सहा डिस्कस माशांचं सांगते. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर मांडीवर खोका घेऊन बसले, पहाटे सांगलीला उतरले, सगळे मासे ठणठणीत. घरी येऊन पिशवी उघडली, तोंड टँकच्या कडेला क्लिपनं अडकवलं आणि सगळे सांगतात तसं सलाईनच्या नळीनं टँकचं पाणी दोन तास थेंब-थेंब सोडत बसले. तासाभरात मासे वर येऊन धापा टाकायला लागले. दुपारी बारापर्यंत पाच गेले.

का गेले ते कळायला मला वर्ष लागलं. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लाकडं झुकतं. त्याच वेळी त्याचा अमोनियाही साठत असतो, पण आम्ल पाण्यात तो बहुतेक अमोनियम रूपात राहतो, तितका विषारी नसतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच (तो जितका कमी तितकं पाणी आम्ल) चढतो आणि तोच अमोनियम परत अमोनिया होतो. पीएच एका अंकानं वाढला की विषारी भाग साधारण दहापट होतो. त्यात माझं बोअरचं पाणी, पीएच आठच्या वर. म्हणजे थेंबा-थेंबानं मी विषच चढवत होते.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. पिशवी न उघडता वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवायची, तापमान सारखं होईपर्यंत. मग कापायची आणि लगेच मासा जाळीनं उचलून टँकमध्ये सोडायचा. पिशवीतलं पाणी मोरीत. यासाठी टँकचं पाणी आधीच विक्रेत्याच्या पाण्याच्या जवळ आणून ठेवावं लागतं. निघायच्या दोन दिवस आधी त्याला फोन करून पीएच आणि क्षार विचारा. सांगलीच्या बोअरला डिस्कस रमत नाही. मी आरओचं पाणी मिसळते, पावसाळ्यात गच्चीवरचं गाळून घेते. नळाचं वापरणार असाल तर क्लोरीन मारायला हायपो टाका, नाहीतर चोवीस तास हवा सोडून ठेवा. पुराच्या दिवसांत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) जास्त मारतात, तेव्हा नुसत्या हवेवर विसंबू नका.

पॅकिंगचं थोडक्यात: मासा चोवीस तास उपाशी ठेवायला सांगा, पोट रिकामं तर अमोनिया कमी. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, पिशवी दुहेरी, कोपरे रबरानं बांधलेले. नाहीतर लहान मासे कोपऱ्यात अडकून चेंगरतात. थर्मोकोलचा खोका, आत अंधार. बेट्टा मात्र एकेकटा, आणि त्याला साधी हवा पुरते. एसी बसमध्ये खोका झरोक्याखाली ठेवू नका. कात्रजच्या थांब्यावर 'बघू जरा' म्हणून झाकण उघडून टॉर्च मारणारे महाभागही मी बघितलेत.

नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये, चालू टँकमधल्या जुन्या स्पंज फिल्टरसकट. पहिल्या दिवशी खायला नाही, दुसऱ्या दिवशी चिमूटभर.

एक विनंती जोडूनच. मासा मोठा झाला, कंटाळा आला, म्हणून कृष्णेत सोडू नका. २०१९ च्या पुरात पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं, तेव्हा किती घरांतले टँक नदीत गेले कोण मोजणार. पुढच्या उन्हाळ्यात माई घाटावर एका मासेमाराच्या जाळ्यात वीतभर सकर बघितला मी, तोच काचा चाटणारा. जाळं फाडून ठेवलं म्हणून त्याला शिव्या घालत होता बिचारा.

भाच्यानं त्या पिशव्या दुकानदाराला परत दिल्या. मग विचारलं, झाडं आणू का टँकची? तीही नाही, त्यांना वनस्पती विलगीकरणाचं परमिट लागतं. तर म्हणे, निदान ही वाळलेली पानं? बेट्टाच्या पाण्यात टाकतात, पाकिटात विकतायत. मी फोटो मोठा करून बघितला. देशी बदामाची पानं. आमच्या गल्लीत रोज सकाळी झाडून त्यांचा ढीग लावतात.