निंजा ६५० घेऊन लांब फिरायचंय? बाईक घेण्यापासून घाट उतरेपर्यंत सगळं

स्पोर्ट टूरर कशाला म्हणायचं हे शोरूममध्ये उभं राहून कळत नाही, तिथे फेअरिंगवाली (बाजूंनी प्लास्टिकचं आवरण असलेली) प्रत्येक बाईक भारीच दिसते. माझी कसोटी सोपी आहे. सकाळी पुण्यातून निघालात, सातारा कोल्हापूर बेळगाव करत चोर्ला घाटातून गोव्यात उतरलात, साडेचारशे किलोमीटरच्या आसपास झाले, आणि रूमवर बॅग टाकून परत पायी एक चक्कर मारावीशी वाटली तर ती बाईक स्पोर्ट टूरर. मनगटं धरली, मान आखडली आणि सरळ पलंगावर पडलात तर ती दुसरंच काहीतरी आहे किंवा तुमच्या अंगाला बसवलेली नाहीये. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं ह्या एकाच गोष्टीसाठी, अंग कमी कसं थकवायचं, कारण थकलेला माणूस चुकीच्या वेळी ओव्हरटेक करतो आणि वळणात उशिरा बघतो.

उदाहरण म्हणून कावासाकीची निंजा ६५० धरतो कारण आपल्याकडे ह्या प्रकारात पहिली मोठी बाईक म्हणून बरेच जण तिच्याकडेच येतात, आणि ती चाकणलाच असेंबल होते. ६४९ सीसीचं ट्विन इंजिन, साधारण ६८ पीएस पॉवर, १५ लिटरची टाकी, सीटची उंची ७९० मिमी म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाचे पाय नीट टेकतात, आणि वजन दोनशे किलोच्या जरा आत. हँडल सुपरस्पोर्टसारखं, म्हणजे रेसच्या बाईकसारखं, खाली नाहीये, थोडंसंच पुढे झुकावं लागतं, आणि हायवेला वारा छातीवर यायला लागला की तोच वारा अंगाचा भार उचलतो, म्हणून शहरात जी बाईक हाताला जड वाटते तीच साताऱ्याच्या पुढे एकदम हलकी वाटायला लागते. (ज्यांना वजन आणि पैसा दोन्ही पेलवतं त्यांच्यासाठी निंजा ११०० एसएक्स आहे, १०९९ सीसी, चार सिलिंडर, १९ लिटरची टाकी. पण पहिलीच मोठी बाईक ती घेऊ नका, कळकळीने सांगतोय.)

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या बाईकवर ४० टक्के जीएसटी लागतो, आधी सेस धरून ३१ होता. म्हणून सेकंडहँडकडे बघण्यात काहीच कमीपणा नाही. २०१७ नंतरच्या मॉडेलला नवीन ट्रेलिस फ्रेम (नळ्यांच्या जाळीचा सांगाडा) आणि स्लिपर क्लच (गिअर झटकन खाली टाकला तरी मागचं चाक अडखळू देत नाही) आहे, २०२० च्या बीएस-६ मॉडेलपासून रंगीत टीएफटी स्क्रीनचं मीटर, आणि २०२३ पासून ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक घसरायला लागलं की पॉवर आपोआप कमी करणारी सोय. पावसात फिरणार असाल तर हे शेवटचं मिळालं तर बघाच.

जुनी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका, मी आल्यावर थंड इंजिनवर स्टार्ट करणार. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा आणि खाली वाकून टॉर्चने तो स्टॉपर बघा जिथे हँडल जाऊन अडतं. तिथे धातू चेपलेला असेल, रंग उडून खड्डा पडला असेल तर गाडी जोरात आपटलीये, मग वरचं फेअरिंग कितीही नवं दिसू दे. फेअरिंगच्या आतले प्लास्टिकचे लॉक तुटलेत का, पुढच्या फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का, मागच्या स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीचे) दाते टोकदार झालेत का, टायरच्या बाजूला जो चार आकडी नंबर असतो तो बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २४१९ असेल तर २०१९ च्या चोविसाव्या आठवड्यातला टायर, त्यावर गोटे शिल्लक असले तरी रबर आता कडक झालेलं असणार, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. लोन असेल तर बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

घरी आणली की पहिला रविवार सेटिंगला द्या. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरला चाक असतं, त्याने अंतर कमीजास्त होतं, ते बोटांच्या लांबीप्रमाणे लावा, आणि लिव्हर जरा खाली फिरवून घ्या म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत राहतो, मनगट वर मोडून बसत नाही. निम्म्या लोकांची मनगटदुखी एवढ्यानेच जाते. पुढची वारा अडवणारी काच तीन उंचीवर बसते, पाने घेऊन बसा आणि तिन्ही करून बघा. उंच माणसाला मूळ काचेचा वारा नेमका हेल्मेटवर येऊन आदळतो, त्यांनी मोठी काच लावून घ्यावी, आणि इअरप्लग सगळ्यांनीच वापरावेत, वाऱ्याच्या आवाजाने डोकं जेवढं शिणतं तेवढं गाडी चालवण्याने शिणत नाही. टायरमध्ये हवा पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआय, टायर थंड असताना. पंपावरच्या मीटरवर विश्वास नको, स्वतःचा छोटा गेज ठेवा. मागे माणूस किंवा सामान असेल तर मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवा, नाहीतर मागचं बसतं, हेडलाइट आभाळाकडे जातो आणि गावातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला खालचा सायलेन्सर घासतो. ग्राउंड क्लिअरन्स १३० मिमीच आहे आणि सायलेन्सर पोटाखाली, त्यामुळे उंच स्पीडब्रेकर तिरका आणि अगदी हळू घ्यायचा.

नवीन घेतली असेल तर रनिंग-इन (नवीन इंजिन सुरुवातीला जपून चालवणं) मनापासून करा, पहिले ८०० किमी चार हजार आरपीएमच्या आत, मग १६०० पर्यंत सहा हजारच्या आत. ह्याच दिवसांत मोकळ्या मैदानात जाऊन यू-टर्न शिका. पहिला गिअर, हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, आणि नजर चाकापुढे नको, जिथे जायचंय तिथे खांद्यावरून वळून. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक अजिबात धरायचा नाही, मोठ्या बाईक हायवेला कमी आणि अशा पार्किंगमधल्या वळणात जास्त पडतात.

आता रस्ता. मुंबईकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पुणे एक्सप्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी आहे, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी, सीसी कितीही असो. जुन्या हायवेने खंडाळ्यावरून यायचं. आणि चार पदरी दुभाजकवाल्या हायवेवर बाईकची कायदेशीर मर्यादा ८० आहे, हे वाचून नवीन लोकांचं तोंड पडतं, मग एवढी पॉवर कशाला असं विचारतात. अहो, खंबाटकी चढताना समोर ऊसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन निम्मा रस्ता अडवून चाललाय आणि मागे सामान बांधलंय, तेव्हा एक गिअर खाली टाकून दोन-तीन सेकंदात स्वच्छ पुढे निघता येतं, त्यासाठी. शंभर-सव्वाशे सीसीवर हाच ओव्हरटेक श्वास रोखून करावा लागतो. ती ताकद राखीव आहे म्हणून मन शांत राहतं, आणि ऐंशीला सहाव्या गिअरमध्ये इंजिन निवांत असतं, बघायला वेळ मिळतो, उलट्या बाजूने येणारी एम-८० दिसते, दुभाजकातल्या फटीतून बाहेर पडायच्या तयारीतली म्हैस दिसते.

थांबे ठरवून घ्या, लागेल तेव्हा थांबू असं नको. दर तासा-सव्वा तासाने पाच मिनिटं, हेल्मेट काढायचं, पाणी प्यायचं, मांड्या ताणायच्या. टाकीवर तीनशेच्या आसपास जाते पण सव्वादोनशे-अडीचशेला भरून टाका. जेवण हलकं. कोल्हापुरात तांबडा-पांढरा खाऊन लगेच दुपारच्या उन्हात बेळगावकडे निघालात की डोळे मिटायला लागणारच, तो रस्सा मुक्कामाच्या दिवशी खा.

घाट हा खरा विषय. आंबा असो, कुंभार्ली, आंबोली नाहीतर ताम्हिणी, पद्धत एकच. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, गिअर तिथेच खाली टाकायचा, आणि वळणात शिरलं की थ्रॉटल अगदी किंचित उघडा ठेवून तसाच धरायचा. वळणात मध्येच सोडला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि वळणातली ठरलेली वाट बिघडते. डावीकडे वळायचं असेल तर डावं हँडल हलकेच पुढे ढकला, गाडी आपोआप डावीकडे झुकते, विचित्र वाटेल पण करून बघा. हँडल घट्ट आवळून धरलं की हे होत नाही, गुडघ्यांनी टाकी धरा आणि कोपरं सैल सोडा.

नजर कुठे ठेवायची तर रस्त्याच्या दोन्ही कडा लांब जिथे एकत्र येताना दिसतात त्या टोकावर. वळणात ते टोक तुमच्यापासून लांब पळत असेल तर वळण उघडतंय, हळूहळू थ्रॉटल द्या. टोक एका जागी थांबलं किंवा तुमच्याकडे यायला लागलं तर वळण आवळतंय, तसाच वेग ठेवून पुढे जायचं नाही. उजव्या वळणाला तुम्ही डाव्या कडेला असता, लांबपर्यंत दिसतं, पण कडेची खडी आणि दगडांवर लक्ष हवं. डाव्या वळणात लोक दिसावं म्हणून मध्यरेषेला चिकटतात, ते आपल्याकडे जीवावर बेततं, कारण समोरून येणारी एसटी किंवा ट्रक वळण घेताना अर्धा तुमच्या बाजूला आलेला असतो. रेषेपासून हात-दीड हात आत राहा, डोकंसुद्धा रेषेबाहेर जाता कामा नये. उतरताना दुसरा-तिसरा गिअर, इंजिनने गाडी धरू द्या, न्यूट्रल कधीच नाही, सारखा मागचा ब्रेक दाबून ठेवला तर तापून ऐनवेळी साथ सोडतो.

पावसात घाट सुंदर असतात हे खरंय, मीही जातो, पण पहिल्या पावसात नाही. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या सरींत साबणासारखं होतं, दोन-चार मोठे पाऊस होऊन रस्ता धुवून निघू द्या. पांढरे पट्टे, पुलावरचे लोखंडी जोड आणि डांबराने बुजवलेल्या भेगा सरळ गाडीने ओलांडा. आणि व्हायझरला पिनलॉक (वाफ धरू न देणारी आतली जादा पट्टी) लावा, ताम्हिणीच्या धुक्यात आतून वाफ धरली की काच उघडावी लागते आणि पाणी डोळ्यात.

सामान जितकं खाली आणि जितकं पुढे तितकं चांगलं. जड वस्तू सॅडलबॅगच्या तळाला, टेलबॅगमध्ये कपडे, आणि साधे हुकवाले रबरी दोर वापरू नका, एक हुक सुटून चेनमध्ये गेला की मागचं चाक जाम होतं. पट्ट्या वापरा आणि टोकं बांधून टाका. टूलकिटसोबत ट्यूबलेसचा पंक्चर किट आणि छोटा इन्फ्लेटर हवाच. नॅशनल हायवेवर अडकलात तर १०३३ लावा. जॅकेट, ग्लोव्ह्ज, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि रायडिंग पँट, पँटबद्दल मुद्दाम सांगतो, ट्रॅफिकमध्ये रेडिएटरचा पंखा चालू झाला की गरम हवा मांडीवर येते, जीन्समध्ये ती चांगलीच जाणवते.

देखभालीत सर्व्हिस सेंटरवर सोडून न देता स्वतः करायची एक गोष्ट म्हणजे चेन. दर ५००-६०० किमीला, आणि पावसातून आलात की त्याच दिवशी. ह्या बाईकला मधला स्टँड नाही, पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) घ्या. इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू करून गिअरमध्ये चेन फिरवत फडकं धरणारे लोक मी बघतो आणि अंगावर काटा येतो, फडकं ओढलं जातं आणि पाठोपाठ बोटं जातात, असं कधीही करू नका. केरोसीन आणि मऊ ब्रश, पेट्रोल नको आणि तारेचा ब्रशही नको, कारण चेनच्या कड्यांमध्ये रबराच्या बारीक रिंगा असतात, त्यांनी आतलं ग्रीस अडवून धरलेलं असतं आणि त्या गेल्या की चेन संपली. पुसून कोरडी करा, मग ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब, खालच्या बाजूला चेनच्या आतल्या अंगाला थोडं थोडं लावत जा, चाक फिरलं की ते आपोआप बाहेर पसरतं. जास्तीचं पुसा. राइडवरून आल्यावर चेन कोमट असताना केलं तर ऑइल नीट शिरतं आणि रात्रभर मुरतं, सकाळी निघायच्या आधी घाईत फासलं तर सगळं रिमवर उडतं. ढिलाई मॅन्युअलमध्ये दिलीये तेवढीच ठेवा, चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, जिथे सर्वात घट्ट लागते तिथलं माप धरा. थोडी सैल चालेल पण ताणलेली नको, मागे माणूस बसला की ती आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो.

ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, कमी चालली असली तरी, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. गाडी दोन-तीन आठवडे नुसती उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनर लावा किंवा निगेटिव्ह वायर काढून ठेवा, टाकी पूर्ण भरा म्हणजे आत गंज धरत नाही, हवा दोन-तीन पॉइंट जास्त मारा, आणि कव्हर टाकायच्या आधी सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या.