डीएमए चालू करायच्या आधी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या हायड्रॉलिक प्रेसवर प्रेशर सेन्सर बसवायचा आणि एसटीएम३२एच७४३ मायक्रोकंट्रोलरच्या एडीसीची (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) रीडिंग डीएमएने (सीपीयूला न गुंतवता डेटा मेमरीत टाकणारा भाग) घ्यायची, असं काम हातात असेल तर बोर्ड टेबलावर असतानाच हे बघून घ्या. शिफ्ट खोळंबलेली असताना रजिस्टर तपासत बसणं जमत नाही.

डीएमएचा क्लॉक चालू. हे सांगायला नको. क्यूबमधून (एसटीचं कोड बनवणारं टूल) कोड काढला असेल तर मेनमध्ये डीएमएचा इनिट एडीसीच्या इनिटच्या वर आहे ना, तेवढं पाहा.

आता बफर, म्हणजे डीएमए रीडिंग टाकतो तो ॲरे. तो कुठल्या मेमरीत पडलाय हे मॅप फाइल (लिंकर बनवतो ती पत्त्यांची यादी) उघडून बघायचं, अंदाजाने नाही. पत्ता हेक्स २००० किंवा २००१ ने सुरू होत असेल तर तो डीटीसीएम, म्हणजे सीपीयूला थेट जोडलेली मेमरी; एच७ वर डीएमए१ आणि डीएमए२ तिथं पोचतच नाहीत. फंक्शनच्या आत लोकल ॲरे तर घेऊच नका. बफर ग्लोबल करा आणि २४०० ने सुरू होणाऱ्या एएक्सआय एसरॅममध्ये न्या.

आणि तिथं नेला की कॅश, म्हणजे सीपीयूने जवळ ठेवलेली मेमरीची प्रत. गेल्या खेपेला नेमकं हेच राहिलं होतं. डी-कॅश चालू असेल तर डीएमए मेमरीत नवा आकडा लिहितो आणि सीपीयू कॅशमधला जुनाच वाचत राहतो. गेजवर १८० बार, कोडमध्ये मघाचाच आकडा. मग सेन्सर बदला, वायर बदला, अर्थिंग तपासा, सगळं फुकट. मध्ये एखादा प्रिंट टाकला की कधी कधी जुन्या लाइनी (कॅशचे तुकडे) कॅशमधून बाहेर पडतात आणि आकडा हलतो. त्याला भुलू नका.

म्हणून वाचायच्या आधी इनव्हॅलिडेट, म्हणजे कॅशमधली प्रत टाकून देणं. दर वेळी. हाफ इंटरप्टला (बफर अर्धा भरल्याची सूचना) पहिला अर्धा, कम्प्लीटला (पूर्ण भरल्याची) दुसरा. कॅशची लाइन ३२ बाइटची, तेव्हा बफरची सुरुवात ३२ च्या पटीत आणि प्रत्येक अर्धाही ३२ च्या पटीत हवा. नाहीतर त्याच लाइनीतला शेजारचा व्हेरिएबल, सीपीयूने नुकताच लिहिलेला, नाहक पुसला जातो. १६ बिटची २५६ सॅम्पल घेतली तर एकेक अर्धा २५६ बाइटचा, हिशेब बसतो. ट्रान्सफर सुरू करण्यापूर्वीही एकदा इनव्हॅलिडेट करा: बफरमध्ये आधी शून्य भरली असतील तर ती लाइन मागाहून मेमरीत उतरते आणि ताज्या रीडिंगवर शून्य टाकते. यूएआरटीवरून (सीरियल पोर्ट) पाठवायचं असेल तर उलट, आधी क्लीन, म्हणजे कॅशमधलं मेमरीत उतरवणं. घेताना इनव्हॅलिडेट, पाठवताना क्लीन. हे सांभाळणं होत नसेल तर एमपीयूने (मेमरीच्या भागांचे नियम ठरवणारा घटक) तेवढा भाग नॉन-कॅशेबल करा, पण दोन्हीपैकी एक केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

पुन्हा कॉन्फिगर करताना स्ट्रीमचा (डीएमएची एकेक वाट) एनेबल बिट काढा, तो खरोखर शून्य दिसेपर्यंत थांबा, जुने फ्लॅग पुसा. फ्लॅग राहिले तर स्ट्रीम परत चालू होत नाही. पेरिफेरलचा पत्ता एडीसीच्या डेटा रजिस्टरचा. इन्क्रिमेंट फक्त मेमरीकडे. विड्थ दोन्हीकडे हाफ-वर्ड. काउंट म्हणजे सॅम्पल, बाइट नव्हेत, कमाल ६५५३५. सर्क्युलर मोड (संपलं की पुन्हा सुरुवातीपासून) डीएमएकडेही आणि एडीसीकडेही. एरर इंटरप्ट चालू. कॅशचं केलं ना?

शेवटी बोर्डाची वीज काढून-लावून बघा, नुसतं रीसेट दाबून नाही. रीसेटनंतर एसरॅममध्ये जुनी रीडिंग तशीच राहू शकतात आणि चाललंय असा भास होतो. इकडे पावसाळ्यात लाइट सारखी जाते-येते, तेव्हा ते उघडं पडतं.