आफ्रिकेतल्या कोळंबीची नवी प्रजाती वर्णन करताय? या चुका टाळा

तळहातावर इंचभर कोळंबी, मोबाइलवर काढलेला फोटो आणि खाली मजकूर: ‘नवी प्रजाती वाटते, लगेच पेपर लिहूया का?’ दक्षिण आफ्रिकेत कोळंब्यांवर काम करताना असे मेसेज मला दर हंगामात येतात. यातला उत्साह मला आवडतो, ‘लगेच’ हा शब्द मात्र खुपतो.

नव्या प्रजाती तिथे आहेत, याबद्दल वाद नाही. प्राणिशास्त्रज्ञ किंग्सलीने 1882 मध्ये झुलुलँडमधून (आजच्या क्वाझुलू-नातालचा भाग) कॅरिडिना आफ्रिकाना वर्णिली; कॅरिडिना ही गोड्या पाण्यातल्या छोट्या कोळंब्यांची प्रजातीसमूह-पातळी, म्हणजे जीनस. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ, खंडात कुठेही कॅरिडिना सापडली की तिला आफ्रिकाना नाहीतर निलोटिका (याच जीनसमधली दुसरी जुनी प्रजाती) म्हणून मोकळं होण्याची सवय पडली. 2005 मध्ये रिचर्ड आणि क्लार्क यांनी हा ढीग उपसायला घेतला, तेव्हा पूर्व आफ्रिकेतून 6 नव्या प्रजाती निघाल्या. 2009 मध्ये त्याच दोघांनी आणखी 14 वर्णिल्या. केप टाउनजवळच्या एर्स्टे नदीतली कॅरिडिना स्टेलनबॉशेन्सिस तर 2022 मध्ये नावारूपाला आली. पण त्या ढिगात भर घालणं आणि तो उपसणं यातला फरक घाईत कळत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोस्ट्रमवर विसंबणं. डोळ्यांच्या मधून पुढे आलेला हा करवती काटा भिंगाखाली पहिल्यांदा दिसतो, त्याचे दात मोजता येतात, त्याचं चित्र सुबक निघतं, म्हणून नवशिके तिथेच थांबतात. मीही थांबलो होतो. क्वाझुलू-नातालमधल्या एका ओढ्यातून मी 11 कोळंब्या आणल्या होत्या. सगळ्यांचा रोस्ट्रम आखूड, वरचे दात मोजके. आफ्रिकानाच्या वर्णनाशी काही जुळेना. तीन महिने रोज संध्याकाळी मी चित्रं काढली. होलोटाइप, म्हणजे ज्याच्यावर प्रजातीचं नाव टेकतं तो एकच नमुना, निवडला, नावही ठरवलं. पाऊस ओसरल्यावर आणखी नमुने हवेत म्हणून पुन्हा गेलो आणि या वेळी त्याच ओढ्याच्या खालच्या डोहात, पाणवनस्पतींच्या मुळांत जाळं मारलं. एकाच खेपेत आखूड, मध्यम आणि लांब असे तिन्ही रोस्ट्रम वर आले. 64 कोळंब्या मोजल्या, तर आखूडपासून लांबपर्यंत सलग रांग लागली, मध्ये कुठे फट नाही. आधीच्या 11 जणी निव्वळ त्या रांगेचं एक टोक होत्या. त्यांत एकही नर नव्हता, हे तर मी तोवर पाहिलंही नव्हतं.

रोस्ट्रम वयाप्रमाणे बदलतो, राहण्याच्या जागेप्रमाणे बदलतो. मोडला तर पुढच्या वेळी कात टाकल्यावर आखूड उगवतो. म्हणून आता माझा क्रम उलटा आहे. एका जागचे निदान 30 नमुने हाती आल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही. आधी नर शोधतो: पोटाखालच्या पोहण्याच्या पायांच्या दुसऱ्या जोडीत, आतल्या फांदीवर काटेरी जादा उपांग दिसलं की तो नर. मग त्याच्या पहिल्या जोडीची आतली फांदी सोडवून स्लाइडवर घेतो. तिचा आकार, टोकाला छोटं उपांग आहे की नाही, असलं तर कुठून फुटतं, हे आधी. त्यानंतर पाचव्या चालत्या पायाच्या नखीवरचे काटे, पहिल्या पायाच्या मनगटाची लांबी-रुंदी, शेपटीच्या बाहेरच्या पंख्यावरच्या सांध्यापाशी असलेल्या बारीक काट्यांची ओळ. रोस्ट्रम सगळ्यात शेवटी. विच्छेदन नेहमी डाव्या बाजूचं करा आणि उजवी अखंड ठेवा, नंतर येणाऱ्याला ती लागते.

अंड्यांकडे दुर्लक्ष ही माझ्या मते दुसरी मोठी चूक, कारण आफ्रिकेतल्या कोळंब्यांची अर्धी गोष्ट तिथेच असते. लहान आणि पुष्कळ अंडी असतील, तर पिल्लं पाण्यात तरंगत वाढतात. बऱ्याच प्रजातींत ती नदीमुखाशी खाऱ्या पाण्यापर्यंत वाहत जातात आणि दुसऱ्या नदीत शिरू शकतात. मिलिमीटरभराची मोजकी अंडी असतील, तर पिल्लू जवळजवळ तयार कोळंबी होऊनच बाहेर पडतं आणि जन्मल्या खोऱ्यातच राहतं. अशी खोरी एकमेकांपासून तुटली की दर खोऱ्यात वेगळी प्रजाती असण्याची शक्यता वाढते. मोजताना मात्र आतल्या पिल्लाचे डोळे दिसू लागलेली अंडी आणि कोवळी अंडी एकत्र करू नका. उबवण जवळ आली की अंडं फुगतं. कोष्टकात दोन्हींना वेगळे रकाने द्या.

फॉर्मलिनमध्ये बुडवलेल्या नमुन्यातून डीएनए काढण्याची आशा धरू नका. 95 टक्क्यांचं इथेनॉल वापरा आणि पहिल्या 24 तासांत एकदा बदला, कारण कोळंबीच्या अंगातलं पाणीच ते पातळ करतं. चित्रांसाठी काही नमुने 70 टक्क्यांत ठेवा, नाहीतर पाय काडीसारखे तुटतात. चिठ्ठी बरणीच्या आत, पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि झाकणं अदलाबदल होतात. रंग जिवंतपणीच टिपा. नाव देताना लिंग जुळवा: कॅरिडिना स्त्रीलिंगी आहे, तेव्हा आफ्रिकाना, आफ्रिकानस नाही. बिलहार्झियाच्या (पाण्यातून कातडीत शिरणाऱ्या परजीवी कृमींचा आजार) ओढ्यात उघड्या पायांनी उतरू नका.

एका जनुकाच्या टक्केवारीवर प्रजाती उभी करणाऱ्यांशी माझं जमत नाही. सीओआय हे प्रजाती ओळखायला नेहमी वापरलं जाणारं, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचं जनुक उपयोगी आहे, पण त्याच्या निरुपयोगी नकला केंद्रकातही बसलेल्या असतात आणि बेसावध माणूस त्याच वाचतो. सोबत 16एस हे दुसरं जनुक घ्या आणि फरक शरीरावर दाखवा. जुन्या नावांची वर्णनंही मूळ फ्रेंच, जर्मनमधून वाचा. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ बूव्हिएचा या कोळंब्यांच्या कुळावरचा 1925 चा ग्रंथ न उघडता ‘नवी’ म्हणणाऱ्याची प्रजाती आधीच कुणीतरी नाव देऊन ठेवलेली असू शकते.

नियमांच्या बाबतीत दोन गोष्टी विसरल्या तर नावच ग्राह्य धरलं जात नाही. होलोटाइप कोणता आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला, हे स्पष्ट लिहावं लागतं. नियतकालिक फक्त ऑनलाइन निघत असेल, तर काम आधी झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदवून ती नोंद पेपरातच द्यावी लागते.

आणि परवाना. एखाद्या देशातलं जनुकीय साहित्य वापरताना त्या देशाची संमती आणि लाभातला वाटा यांबद्दलचा नागोया करार 2014 पासून लागू आहे, पण माझ्या लेखी कारण कागदाचं नाही. आफ्रिकेतल्या कितीतरी जुन्या प्रजातींचे मूळ नमुने युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. डर्बनच्या विद्यार्थ्याला आपल्याच ओढ्यातली कोळंबी ताडून बघायला विमानाचं तिकीट काढावं लागतं. होलोटाइप त्या देशातच ठेवा: मखांडाचं ऑल्बनी संग्रहालय आहे, केप टाउनचं इझिको आहे. माझ्या त्या 11 जणीही मी तिथल्याच एका संग्रहात दिल्या, आफ्रिकाना म्हणून, डोहातल्या 64 जणींच्या शेजारी. तुम्ही उत्तरेच्या नद्यांत काम करत असाल तर त्या बरण्या मागवून बघा, पण सोबत तुमचे नरही घेऊन या.