ट्रॅक्टर घ्यावा की भाड्याने सांगावा? अल्पभूधारकाने आधी मांडावयाचा हिशोब

ट्रॅक्टर किती एकरांवर परवडतो, असा प्रश्न गावोगाव विचारला जातो आणि त्याचे उत्तरही एकरांतच दिले जाते. कोणी पाच एकर सांगतो, कोणी दहा. खरे पाहता ट्रॅक्टर एकरांवर परवडत नाही, तो तासांवर परवडतो. दोन एकर द्राक्षबागेचा मालक वर्षभरात जितके तास ट्रॅक्टर चालवतो, तितके तास आठ एकर कोरडवाहू सोयाबीन घेणाऱ्याचा ट्रॅक्टर कदाचित चालणारही नाही. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर आहे; त्यामुळे हा हिशोब आपल्यापैकी बहुतेकांना लागू पडतो.

सुरुवात वहीपासून करावी. मागील वर्षी शेतात ट्रॅक्टरने झालेले प्रत्येक काम, त्याला लागलेले तास आणि दिलेले पैसे आठवून लिहावेत. उदाहरणादाखल मराठवाड्यातील चार एकर जमीन घेऊ, जिच्यात खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला हरभरा आहे. दोन फाळांच्या पलटी नांगराला एका एकरासाठी सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. पाच फुटी रोटाव्हेटर तासाला साधारण एक एकर उरकतो. तो वर्षातून दोनदा फिरवला तर एकरी दोन तास झाले. मोगड्याच्या (ढेकळे फोडून जमीन भुसभुशीत करणाऱ्या अवजाराच्या) दोन पाळ्यांचा दीड तास, दोन हंगामांच्या पेरणीचा दीड तास, दोन मळण्यांचे दोन तास आणि माल घरी आणण्याचा पाऊण तास धरला, तर एकरी बेरीज सुमारे दहा तासांची होते. म्हणजे चार एकरांना वर्षाला चाळीस तास. सोयाबीनसाठी खोल नांगरट दरवर्षी नव्हे, तर तीन वर्षांतून एकदा पुरेशी आहे, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. ती पाळल्यास हे तास आणखी घटतात. याउलट, शेतीयंत्रांच्या खर्चाचा हिशोब करताना ट्रॅक्टरचे आयुष्य दहा वर्षे आणि वापर वर्षाला एक हजार तास धरण्याची रीत आहे. चाळीस आणि हजार या दोन आकड्यांमधील अंतर डोळ्यांसमोर ठेवूनच पुढे जावे.

आता खर्च. पुढील आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. त्यांच्या जागी आपल्या गावचे आणि आपल्या विक्रेत्याने लेखी दिलेले भाव घालावेत. समजा, ट्रॅक्टर साडेसहा लाखांना आणि नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र ही अवजारे दोन लाखांना, म्हणजे एकूण साडेआठ लाखांना पडली. दहा वर्षांनी ही सर्व सामग्री साडेतीन लाखांना विकली गेली, तर घसारा (किमतीतील घट) पाच लाखांचा, म्हणजे वर्षाला 50,000 रुपये. या काळात सरासरी सहा लाख रुपये अडकून पडतात आणि त्यांवर दहा टक्क्यांनी वर्षाला 60,000 रुपये व्याज जाते. (पैसे घरचे असले तरी हे व्याज धरावे, कारण तेच पैसे विहिरीत, ठिबकात किंवा म्हशीत घातले असते तर काही देऊन गेले असते.) विमा, निवारा, बॅटरी आणि किरकोळ देखभाल यांचे 15,000 मिळवले, की ट्रॅक्टर दारात नुसता उभा असताना होणारा खर्च वर्षाला 1,25,000 रुपये होतो. चाळीस तासांनी भागले तर तासाला 3,125 रुपये येतात, आणि त्यात डिझेलचा थेंबही नाही.

भाड्याचा ट्रॅक्टर चालक आणि डिझेलसह तासाला 1,100 रुपयांना मिळतो असे धरू. स्वतःचा चालवताना तासाला चार लिटर डिझेल, 90 रुपये दराने 360 रुपयांचे. झीज आणि तेलपाण्याचे 140. चालकाचे किंवा स्वतःच्या श्रमाचे 100. असे 600 रुपये लागतात. म्हणजे प्रत्येक तासामागे 500 रुपये वाचतात. या बचतीतून सव्वा लाख भरून काढण्यासाठी वर्षाला 250 तास हवेत. एकरी दहा तासांच्या हिशोबाने ही पंचवीस एकरांची शेती झाली. चार एकरांच्या मालकाला चाळीस तासांचे भाडे मात्र अवघे 44,000 रुपये पडते.

या टप्प्यावर बहुतेक जण म्हणतात, की उरलेले तास आपण गावात भाड्याने मारू. या उत्तरात तथ्य आहे, परंतु ते वाटते तितके सोपे नाही. मृगाचा पाऊस पडून वाफसा (पेरणीजोगी ओल) आला, की आपल्या शेतात पेरणी करण्याचे जे चार दिवस असतात, तेच चार दिवस शेजाऱ्याचेही असतात. त्या दिवसांत आपले आधी करावे तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, गिऱ्हाइकाचे आधी करावे तर ट्रॅक्टर घेण्याचा मूळ हेतूच बाजूला राहतो. शिवाय भाऊबंद आणि सोयरे यांच्याकडील येणे सुगीपर्यंत थांबते आणि काही येणे पुढच्या सुगीपर्यंतही थांबते. भाड्याचा धंदा करायचाच असेल, तर तो शेतीचा जोडधंदा न मानता स्वतंत्र धंदा म्हणून पाहावा: गावात आधीच किती ट्रॅक्टर आहेत, त्यांच्याकडे नसलेले कोणते अवजार आपण आणू शकतो आणि हंगामात अठरा तास सीटवर बसणारे माणूस घरात आहे काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे हवीत. माझ्या मते ज्या गावात पंधरा रोटाव्हेटर आहेत, तेथे सोळावा आणण्यापेक्षा रुंद वरंबा-सरी पद्धतीचे पेरणीयंत्र आणणाऱ्याला काम लवकर मिळेल.

तरीही हिशोब केवळ रुपयांचा नाही, आणि येथे ट्रॅक्टर घेऊ पाहणाऱ्याची बाजू मजबूत होते. भाड्याच्या ट्रॅक्टरची खरी किंमत वाट पाहण्यात असते. लहान तुकड्यांवर वळणे फार, म्हणून भाडेवाला मोठे शेत आधी धरतो आणि अल्पभूधारकाचा नंबर शेवटी लागतो. तोवर वाफसा उडतो किंवा पुढचा पाऊस येतो. म्हणून वहीत आणखी एक रकाना आखावा: गेल्या तीन वर्षांत ट्रॅक्टर वेळेवर न मिळाल्यामुळे पेरणी किती दिवस लांबली आणि त्यापायी उत्पन्न किती घटले? हा आकडा अंदाजाने का होईना, प्रामाणिकपणे लिहावा. तो वर्षाला दहा-पंधरा हजारांचा निघाला, तर ट्रॅक्टर घेण्यापेक्षा भाडेवाल्याला हंगामाआधीच विसार देऊन दिवस बांधून घेणे स्वस्त पडते. तो पन्नास हजारांच्या पुढे गेला, तर मात्र गोष्ट वेगळी.

द्राक्षात ती वेगळीच असते. नाशिक किंवा सांगली भागातील बागायतदार ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पाऊस झाला, की डाऊनी (केवडा) रोगाच्या भीतीने काही तासांत फवारणी उरकू पाहतो. तेथे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर उद्या सकाळी मिळून उपयोग नसतो. ब्लोअरच्या (ट्रॅक्टरवर चालणाऱ्या फवारणीयंत्राच्या) फवारण्याच इतक्या होतात, की दोन-तीन एकरांवरही तासांची बेरीज मोठी निघते. अशा बागेसाठी ओळींमधून सहज जाणारा, अरुंद बांध्याचा, 18 ते 28 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर पुरतो आणि त्याची किंमतही मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा कमी असते. भाजीपाला आणि डाळिंबालाही हाच विचार कमी-अधिक लागू आहे. परंतु तोच मिनी ट्रॅक्टर काळ्या भारी जमिनीत खोल नांगरटीला जुंपला तर दम टाकतो. तेथे 45 अश्वशक्तीच्या आसपासचे यंत्र लागते आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या त्या कामासाठी ते भाड्यानेच सांगावे. कोकणातील भातखाचरांत तर ट्रॅक्टर वळवायलाही जागा नसते. तेथे चिखलणीसाठी पॉवर टिलरच योग्य. आणि पीक गुडघ्याएवढे झाल्यावरच्या कोळपणीला आजही अनेक ठिकाणी बैलच लागतात, हे बैलजोडी विकून ट्रॅक्टरची अनामत भरणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

यंत्र निवडण्याआधी रस्ता पाहावा. जमीन तीन गटांत विखुरलेली असेल आणि त्यातील एका गटाला बांधावरून पायवाटच असेल, तर तेथे ट्रॅक्टर नेणे शेजाऱ्याच्या मर्जीवर राहते. बांधावरून रस्ता मिळण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. परंतु तो निकाली निघेपर्यंत हप्ते थांबत नाहीत. म्हणून आधी रस्ता, मग ट्रॅक्टर.

अनुदानाच्या बाबतीत एकच चूक वारंवार होते. राज्यात कृषी यांत्रिकीकरणासाठी शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि पूर्वसंमती हाती आल्यानंतरच खरेदी करावी लागते. आधी ट्रॅक्टर आणून मग बिल जोडणाऱ्याला अनुदान मिळत नाही. अर्ज करण्यापूर्वी आपल्या प्रवर्गाला लागू असलेली मर्यादा आणि निवडलेले मॉडेल मान्य यादीत असल्याची खात्री तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करून घ्यावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील स्वयंसहायता बचतगटांसाठी मिनी ट्रॅक्टर आणि उपसाधनांची 90 टक्के अनुदानाची वेगळी योजना समाजकल्याण खात्यामार्फत आहे. तेथे वरचा सारा हिशोब बदलतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा विक्रेत्याच्या दरपत्रकात नवा दर लावला आहे ना, हे पाहावे. अनुदान मिळते म्हणून ट्रॅक्टर घेणे हे मात्र उलटे गणित आहे: वरच्या उदाहरणात सव्वा लाखाचे अनुदान धरले, तरी घसारा आणि व्याज मिळून वर्षाला एकोणीस हजारांच्या आसपासच कमी होतात.

कर्ज घेताना व्याज घटत्या शिलकीवर आहे की 'फ्लॅट', म्हणजे फेड होत असतानाही मूळ रकमेवरच, हे लिहून मागावे. पाच लाखांवर पाच वर्षांसाठी नऊ टक्के फ्लॅट म्हणजे 2,25,000 रुपये व्याज. मासिक हप्त्यांनी फेडल्यास ते घटत्या शिलकीच्या साडेपंधरा टक्क्यांहून अधिक पडते. ज्याचे उत्पन्न सुगीलाच येते, त्याने सहामाही किंवा वार्षिक हप्ता मागावा. जमीन तारण दिल्यास सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो आणि पुढे दुसरे कर्ज काढताना त्याची अडचण होते, याची कल्पना घरातील सर्व सहहिस्सेदारांना आधीच द्यावी.

तीन-चार भावांनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून घेण्याचा मार्ग मला सर्वांत पटतो, कारण त्यात तासांची बेरीज आपोआप वाढते. तथापि तो तोंडी ठेवू नये. पेरणीला पहिला नंबर दरवर्षी फिरता राहील, प्रत्येक जण स्वतःच्या शेतातील तासांचे ठरलेले पैसे सामाईक खात्यात भरेल, दुरुस्ती त्याच खात्यातून होईल आणि एकाला बाहेर पडायचे झाल्यास त्याचा हिस्सा कोणत्या किमतीला घेतला जाईल, एवढे तरी साध्या कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) एकाच्याच नावावर होत असल्याने हा कागद अधिकच गरजेचा आहे.

जुना ट्रॅक्टर घेतल्यास स्थिर खर्च निम्म्याने उतरू शकतो आणि कमी तासांच्या शेतकऱ्याला तोच मार्ग अनेकदा जुळतो. फक्त पाहणी घाईत करू नये. इंजिन थंड असतानाच पोहोचावे, आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनाचे दोष लपतात. चालू केल्यावर निळसर धूर सतत येत असेल तर ऑइल जळत आहे, आणि ऑइल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी उतरले आहे. जड नांगर हायड्रॉलिकवर उचलून इंजिन बंद करावे व दहा मिनिटे थांबावे. तो झरझर खाली बसला तर लिफ्टचे काम निघणार. पुढची चाके हाताने हलवून खेळ तपासावा, पीटीओवर (अवजाराला शक्ती देणाऱ्या मागच्या दांड्यावर) भार देऊन पाहावा आणि मीटरवरील तासांपेक्षा क्लच-ब्रेकच्या पेडलांची झीज काय सांगते, त्यावर अधिक विश्वास ठेवावा. आरसीवर वित्तसंस्थेची नोंद असल्यास तिचे ना-हरकत पत्र आणि ती नोंद काढण्याचा फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

एवढे सारे करून निर्णय ट्रॅक्टर घेण्याकडे झुकला, तर विक्रेत्याकडून प्रात्यक्षिक आपल्याच शेतात, सर्वांत भारी तुकड्यावर, आपण घेणार त्याच अवजारासह मागावे. गुळगुळीत डांबरी रस्त्यावरील फेरीतून काहीच कळत नाही. तालुक्याच्या गावी त्या कंपनीचा मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात की नाही, हे विक्रेत्याला नव्हे, तर तोच ट्रॅक्टर पाच वर्षे वापरणाऱ्या शेतकऱ्याला विचारावे. घरी आणल्यावर पहिली सर्व्हिस बहुधा पन्नास तासांना सांगितलेली असते. वर्षाला चाळीसच तास चालणाऱ्या ट्रॅक्टरचा तो आकडा दुसऱ्या वर्षी उजाडतो, म्हणून अशा मालकाने ऑइल आणि फिल्टर मीटर पाहून नव्हे, पुस्तिकेत दिलेली महिन्यांची मुदत पाहून बदलावेत.